संश्लेषित एंजिन तेल (मोटारसायकल)

खनिज तेलाच्या नुसत्या शुद्धीकरणातून न मिळवता रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या मूळ तेलात समावेशके (गुण सुधारणारी द्रव्ये) मिसळून केलेले वंगण. बहुतेक मोटारसायकलींत एंजिन, गिअरबॉक्स व ओला (तेलात बुडालेला) क्लच एकाच तेलात चालतात. त्यामुळे त्याच्या निवडीचे निकष मोटारीपेक्षा वेगळे आहेत.

उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक फ्रीडेल व क्राफ्ट्स या रसायनशास्त्रज्ञांच्या १८७७ मधील ॲल्युमिनियम क्लोराइड विक्रियेपर्यंत मागे जातात. ऑलेफिन या हायड्रोकार्बनांच्या बहुवारिकीकरणाचे (लहान रेणू जोडून लांब रेणू करण्याचे) अमेरिकेतील प्रयत्न १९३० च्या आसपासचे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत एस्टरांवर (आम्ल व अल्कोहोल यांपासून बनणाऱ्या संयुगांवर) काम झाले आणि पुढे जेट एंजिनांमुळे ती वंगणे रूढ झाली. मोटारींसाठीच्या पहिलेपणाचे दावे मोतुल (१९७१) व ॲमसॉइल (१९७२) या दोन्ही तेल-कंपन्यांचे आहेत. पण दोहोंच्या कसोट्या निराळ्या असल्याने ते परस्परविरोधी ठरत नाहीत. सलग परंपरा जेट एंजिनांपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणात पॉलिअल्फाओलेफिने (ऑलेफिनांचे रेणू जोडून केलेली तेले) चौथ्या गटात, तर एस्टरे पाचव्या गटात येतात. तिसऱ्या गटातील तेले खनिज तेलावर तीव्र हायड्रोजन-प्रक्रिया करून मिळतात. ती संश्लेषित म्हणून विकण्यावरून मोबिल व कॅस्ट्रॉल या तेल-कंपन्यांत वाद झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरात-स्वनियमन यंत्रणेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. त्यामुळे डब्यावर ‘संश्लेषित’ लिहिलेले असले, तरी आतले मूळ तेल कोणत्या गटाचे हे कळतेच असे नाही.

संश्लेषित तेलाने क्लच घसरतो, हा समज मान्य करण्यासारखा नाही. घसरण मुख्यतः समावेशकांवर अवलंबून असते. मोटारींच्या काही इंधन-बचतीच्या तेलांत घर्षण घटवणारी मॉलिब्डेनम संयुगे असतात, ती ओल्या क्लचला बाधू शकतात. जपानच्या जासो या वाहन-मानक संस्थेचे टी ९०३ हे मानक गतिक घर्षण, स्थितिक घर्षण आणि थांबण्याचा काळ यांच्या निर्देशांकांवरून तेलांची प्रतवारी करते. ओल्या क्लचसाठी एमए व त्यातील एमए१, एमए२ हे वर्ग आहेत. कमी घर्षणाचा एमबी वर्ग मुख्यतः स्वयंचलित स्कूटरांसाठी आहे. फॉस्फरस वजनाने ०.०८ ते ०.१२ टक्के असावा लागतो. खालची मर्यादा झीज रोखण्यासाठी, वरची धूर-उत्प्रेरकाच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) रक्षणासाठी आहे. म्हणून निवडीत आधी जासो वर्ग व उत्पादकाने सांगितलेली श्यानता (दाटपणा) पाहावी, मूळ तेलाचा गट त्यानंतर.

गिअरचे दात तेलात श्यानता टिकवण्यासाठी मिसळलेले लांब बहुवारिक रेणू तोडतात व श्यानता उतरते. पॉलिअल्फाओलेफिनांचा श्यानता निर्देशांक (तापमान बदलले तरी श्यानता टिकण्याचे माप) मुळातच उच्च असल्याने असे रेणू कमी मिसळावे लागतात. संश्लेषित तेलाचा मोटारसायकलीतील भरीव लाभ हाच. १०डब्ल्यू-३० व १०डब्ल्यू-४० या श्यानता-श्रेणींची थंडीतली मर्यादा एकच, १००° से. ला मात्र त्यांची श्यानता अनुक्रमे ९.३–१२.५ आणि १२.५–१६.३ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक) या पट्ट्यांत असते.

तेल बदलण्याचे अंतर वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे, कारण काजळी व तेलात उतरणारे पेट्रोल मूळ तेल बदलल्याने थांबत नाही. टू-स्ट्रोक एंजिनांत तेल इंधनाबरोबर जळते. त्यांच्या तेलांसाठी जासो एम ३४५ हे स्वतंत्र मानक आहे.