बंद सेवेचे उघडे दार

२००१ च्या जुलै महिन्यात ज्यांच्याकडे स्वतःचा वेब सर्व्हर होता, त्यांच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, एकच चमत्कारिक विनंती पुन्हा पुन्हा उमटू लागली. ती ‘कोड रेड’ या वर्मची, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमची, होती. ‘डिफॉल्ट डॉट आयडीए’ हे पान हवे, त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि मग ‘एन’ या अक्षराची दोनशेहून अधिक वेळा पुनरावृत्ती. पुण्यात कर्वे रस्त्यावरील आमच्या लहानशा कार्यालयात लिनक्सच्या यंत्रावर अपाची हा वेब सर्व्हर होता. त्याच्याकडे असे पानच नसल्यामुळे त्याने ‘सापडले नाही’ एवढे उत्तर देऊन विषय संपवला. विंडोज २००० च्या यंत्राला मात्र हे पान कोणाकडे सोपवायचे ते ठाऊक होते, आणि घोळ तिथेच होता.

मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर काही कामे ‘एक्स्टेन्शन’ म्हणवल्या जाणाऱ्या जोड-प्रोग्रॅमकडे सोपवतो. पानाच्या नावाची शेपटी पाहून ते काम कोणाचे हे ठरते, आणि त्याची यादी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असते. ‘आयडीए’ आणि ‘आयडीक्यू’ या शेपट्यांची पाने मजकूर शोधणाऱ्या इंडेक्सिंग सेवेच्या एका डीएलएल फाइलकडे, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या फाइलकडे, जात.

एखाद्या कार्यालयाच्या खिडकीवरील चिठ्ठी डोळ्यांसमोर आणावी. तीत नावासाठी ठरावीक चौकटी आहेत आणि त्यांना लागूनच ‘यानंतर खिडकी क्रमांक’ हा रकाना आहे. कारकून समोरचा माणूस सांगेल ते न मोजता उतरवून घेत असेल, तर लांबलचक नाव सांगणारा माणूस शेजारच्या रकान्यातही आपल्याच सोयीचा आकडा भरवू शकतो, आणि मग पुढचा शिपाई चिठ्ठी पाहून त्याला सरळ तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडतो. प्रोग्रॅमच्या मेमरीतही आलेला मजकूर ठेवण्याची जागा, म्हणजे बफर, आणि पुढे कोणती आज्ञा चालवायची त्याचा पत्ता हे बऱ्याचदा एकमेकांच्या जवळच असतात. या डीएलएलमध्ये लांबी न तपासता मजकूर उतरवला जात होता. विनंतीतले ते एन केवळ चौकटी भरून काढण्यासाठी होते, खरा मतलब त्यांच्या पाठोपाठ येत होता. शिवाय हे एक्स्टेन्शन सिस्टमच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकारात चालत असल्याने घुसखोराच्या हाती सगळे यंत्रच लागे.

मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच होती. बफर उतू जाण्याची क्रिया शोधाचे काम सुरू होण्याच्या आधीच घडत असल्यामुळे इंडेक्सिंग सेवा बंद ठेवलेली असली तरी फरक पडत नव्हता. आमच्या विंडोजच्या यंत्रावर आम्ही ती सेवा कधीच वापरली नव्हती आणि त्यामुळे निश्चिंत होतो.

दुरुस्तीचा पॅच १८ जून रोजीच आला होता. तो विंडोज एनटी ४ वर बसवायचा, तर त्याआधी सर्व्हिस पॅक ६ए असणे आवश्यक होते, आणि फोनच्या तारेवरून तो उतरवणे म्हणजे रात्र घालवणे होते. तोवर तात्पुरता उपाय एकच: यादीतून ‘आयडीए’ आणि ‘आयडीक्यू’ या दोन्ही नोंदी काढून टाकणे. म्हणजे विनंती त्या डीएलएलपर्यंत पोहोचतच नाही. चूक जागच्या जागी राहते, फक्त तिच्याकडे जाणारी वाट बुजते. अनेकांनी हे दोन मिनिटांचे कामही केले नाही. ‘कोड रेड’ने १९ जुलै रोजी चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे गाठली.

यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की तो वर्म नाहीसा होई, कारण तो डिस्कवर न उतरता मेमरीतच राहत असे. पण वाट उघडी असेल तर तो थोड्याच वेळात परत येई. ऑगस्टमध्ये याच छिद्रातून ‘कोड रेड २’ आला. त्याच्या ओळीत एनऐवजी एक्स होते, आणि तो डिस्कवर चोरदार करून ठेवत असल्यामुळे नुसते रीस्टार्ट करून त्याच्यापासून सुटका नव्हती.

नोंदी काढण्याच्या उपायाला एक खोड होती, जी मायक्रोसॉफ्टच्या सूचनापत्रातच सांगितलेली होती आणि आम्ही घाईत वाचली नव्हती: विंडोजचा एखादा घटक नव्याने बसवला किंवा काढला, तर काढलेल्या नोंदी आपोआप परत येऊ शकतात. पुढे एकदा तसा घटक बसवल्यानंतर सहज यादी उघडली, तर ‘आयडीए’ आपल्या जुन्या जागी निवांत बसलेला होता. सुदैवाने तोपर्यंत पॅच बसवून झाला होता. २००३ साली आयआयएस ६ आला तेव्हा एक्स्टेन्शनची यादी आधी बंद आणि लागेल तेवढीच उघडायची, अशी उलटी रीत पाळलेली दिसली. ती पहिल्यापासून असती तर आमची ती नोंद काढायची वेळच आली नसती.