लडीचा घेर, टोपीचा घेर

या हिवाळ्यात मी लोकरीच्या दोन लड्या, म्हणजे धाग्याची मोठी गोल वेटोळी, एकत्र बांधून एकाच खेपेत रंगवल्या. अर्धा भाग निळा, अर्धा पिवळा. त्याच धाग्यातून तीन वस्तू विणायला घेतल्या: भाचीसाठी टोपी, तिचेच पायमोजे आणि माझ्यासाठी त्रिकोणी शाल. तिन्ही आज अर्धवट अवस्थेत समोर आहेत आणि शेजारी ठेवल्या तर धागा एकच आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. टोपी उभी चिरल्यासारखी दिसते, एक बाजू निळी आणि एक पिवळी. मोज्यांवर बारीक आडवे पट्टे आहेत. शालीवर रंगाचे ठिपके तिरके सरकत जातात. हे का होतं ते समजायला पातेल्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याआधी धाग्याची खात्री. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळतो तो धागा बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतो. पहिल्यांदा मी तोच आणला. तासभर उकळूनही रंग पाण्यातच राहिला आणि धागा फक्त ओशाळ्या गुलाबी रंगाचा झाला. ओळखायची रीत सोपी आहे. धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत दूर केली की विझते आणि तिची राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि मागे कडक मणी उरतो.

वास केसांसारखा येतो कारण लोकर म्हणजे केसच. दोन्ही केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे. या प्रथिनाच्या लांब साखळ्यांवर जागोजागी नायट्रोजन असलेले गट लटकलेले असतात. पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड घातलं की हे गट आम्लातला हायड्रोजन उचलून घेतात आणि त्यांच्यावर धन विद्युतभार येतो. आम्लात रंगवायच्या रंगांचे रेणू याच्या उलट, ऋणभारित असतात. दोघं एकमेकांकडे ओढले जातात.

आता गंमत पाहा. मिठाईत आणि सरबतात घालायला परवानगी असलेला पिवळा टारट्राझिन आणि निळा ब्रिलियंट ब्लू हे दोन्ही याच जातीचे रंग आहेत. रंगारी त्यांना 'अॅसिड यलो २३' आणि 'अॅसिड ब्लू ९' या नावांनी ओळखतात. म्हणून घरी पहिला प्रयोग करणाऱ्याला मी खाद्यरंगच सुचवते. कडक उन्हात ते फार टिकत नाहीत, पण स्वयंपाकघरात विषारी पूड उडण्याची भीती नसते. खास लोकरीचे रंग वापरायचे तर पातेलं, चमचा, सगळं वेगळं ठेवावं आणि पूड कालवताना तोंडाला मास्क लावावा. यात तडजोड नको.

सुती धाग्यावर हीच कृती फसते. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यात ते नायट्रोजनचे गट नाहीत. १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किननं क्विनाइन हे मलेरियावरचं औषध बनवण्याच्या खटपटीत जांभळा रंग शोधला तेव्हा तो रेशमावर छान चढला, कारण रेशीमही प्रथिन. सुतावर चढवण्यासाठी आधी टॅनिनचा, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याचा, हात द्यावा लागला. आपल्याकडचे रंगारी सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवत, तेही टॅनिनसाठीच.

लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली खवले दिसतात. कोमट पाण्यात रंगाला त्यातून आत शिरणं अवघड जातं. उष्णता वाढली की तंतू फुगतो, वाट मोकळी होते. म्हणून पाणी उकळीच्या जरा खाली, ८० ते ९० अंशांवर अर्धा तास ठेवायचं आणि ढवळायचं मात्र नाही. गरम ओल्या लोकरीला हलवलं की ही खवले एकमेकांत अडकतात आणि त्यांची दिशा ठरलेली असल्यामुळे धागा मागे येऊ शकत नाही. लडीचा नमदा होतो, म्हणजे सगळे धागे घट्ट गुंतून एकजीव होतात. गरम लडीवर एकदम गार पाणी ओतायचं नाही ते याचसाठी. खवले रसायनानं झिजवून किंवा राळेच्या लेपाखाली झाकून 'मशीनमध्ये धुता येणारी' लोकर बनवतात. ती जास्त रंग पिते आणि पटकन पिते, त्यामुळे एकाच पातेल्यात ती आणि साधी लोकर दोन वेगळ्या छटा घेऊन बाहेर येतात.

अर्ध्या तासानं झाकण काढावं. मघाशी शाईसारखं असलेलं पाणी नितळ झालेलं असतं, तळ दिसतो. सगळा रंग धाग्यात गेलेला असतो. कितीही वेळा केलं तरी या क्षणी माझा श्वास अडकतो.

यानंतर लडी त्याच पाण्यात निवेपर्यंत ठेवायची. दोन-तीन तास सहज जातात. सुयांवर एकाहून जास्त कामं असण्याचं पहिलं कारण मला इथे मिळालं. ओल्या लडीची वाट पाहताना हाताला दुसरं काही लागतंच. शिवाय सगळी कामं सारखं लक्ष मागत नाहीत. सुलट-सुलट गोल फिरणारी टोपी हात आपोआप विणतात, गप्पा चालू राहतात. शालीत मात्र 'दोन टाके एकत्र, एक वेढा, तीन सुलट' असं मनात धरून ठेवावं लागतं आणि दाराची घंटा वाजली की मोजणी सांडते. अशा अर्धवट कामाची ओढही खरी असते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ साली बर्लिनमध्ये प्रयोगांत पाहिलं, की मध्येच थांबवलेलं काम लोक कुणी न सांगता पुन्हा हाती घेतात. मी शालीच्या सुईला चिठ्ठी अडकवते, ओळ क्रमांक आणि पुढचा टाका लिहून. ओढ परत आणते, पण मोजणी परत आणत नाही.

तीन कामं एका धाग्यातून काढायची तर सगळा धागा एकाच खेपेत रंगवलेला हवा. दुसऱ्या दिवशी तोच रंग, तेवढंच व्हिनेगर मोजून घेतलं तरी छटा थोडी हलते. पाणी किती होतं, त्यात क्षार किती होते, उष्णता किती वेगानं चढली, सगळ्याचा परिणाम होतो. मी रंग नेहमी लोकरीच्या वजनाच्या टक्क्यात मोजते, १०० ग्रॅम लोकरीला १ ग्रॅम पूड म्हणजे १ टक्का. त्यानं बरीच मदत होते, पण दोन खेपा हुबेहूब जुळत नाहीत. लड्या वेगळ्या ठेवल्या तर हे कळतही नाही. त्या एकाच स्वेटरमध्ये एकमेकींना टेकल्या की सीमारेषा डोळ्यात घुसते.

डोळ्याच्या या सवयीचा शोध रंगशाळेतच लागला. मिशेल यूजीन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलां कारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते. चित्रविणीच्या पडद्यांतला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी काळा रंग तपासला, तो चांगला निघाला. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. शेजारी कोणता रंग आहे यावर डोळा प्रत्येक रंग वेगळा ठरवतो. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे चित्रकारांनी तो उचलला. विणणाऱ्यांनी यातून घेण्यासारखी युक्ती अशी: दोन खेपांच्या लड्या दर दोन ओळींनी आळीपाळीनं विणायच्या. सलग सीमारेषाच उरत नाही, मग डोळ्याला पकडायला काही मिळत नाही.

आता टोपीकडे. माझ्या लडीचा घेर दीड मीटर आहे. लडीचा अर्धा भाग एका पातेल्यात आणि अर्धा दुसऱ्यात सोडला होता, म्हणजे धागा उलगडला की साधारण ७५ सेंटीमीटर निळा, ७५ सेंटीमीटर पिवळा (मध्ये रंग वर चढला तिथे बोटभर हिरवा), पुन्हा निळा. हे चक्र दर १५० सेंटीमीटरला फिरतं. टोपीला ९६ टाके आहेत, घेर ४८ सेंटीमीटर. एका फेरीला किती धागा लागतो हे मी खूण करून, विणून, उसवून मोजलं. १५० सेंटीमीटर निघाले. साध्या सुलट विणीत धागा टाक्याटाक्याला वळसे घेतो, म्हणून कापडाच्या रुंदीच्या तिप्पट-साडेतिप्पट लांबी खातो. लडीचा घेर आणि टोपीची फेरी यांचं माप तंतोतंत जुळलं आणि प्रत्येक फेरीत निळा निळ्यावरच बसत गेला.

मोज्याचा घेर १६ सेंटीमीटर. फेरीला ५० सेंटीमीटर धागा. दीड फेरी निळी, दीड फेरी पिवळी, म्हणून बारीक पट्टे. हेच ९६ टाके निळ्याच्या टोकापासून सुरू करून मागे-पुढे सपाट विणले असते तर दर ओळीला दिशा उलटल्यामुळे निळ्यावर पिवळा आला असता आणि लांबून सगळं हिरवट दिसलं असतं.

टोपी मी उसवते आहे. चार टाके वाढवून १०० केले की प्रत्येक फेरीत रंग चार टाके सरकेल आणि २४ फेऱ्यांत टोपीभोवती पूर्ण वळसा घेईल. उभी फाळणी जाऊन मळसूत्री पट्टा येईल. शालीला असं काही ठरवता येत नाही. तिची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून लांब, त्यामुळे रंग कुठेतरी जमतात, चार-सहा ओळी एकत्र राहतात आणि पुन्हा पांगतात. सध्या ओळीला दीड मीटरला थोडा कमी धागा लागतो आहे, आणि दोन्ही कडांना निळा दाट होऊ लागला आहे.