लॉगिन होत नाही? पासवर्ड बदलण्याआधी हे वाचा

आमच्याकडून वेबसाइट करून घेतलेल्या संस्था, दुकानदार आणि होमस्टेवाल्यांसाठी

"लोकांना लॉगिन करता येत नाही, पासवर्ड नवीन करून द्या," असे फोन आम्हाला सतत येतात. चतुर्थीच्या तोंडावर तर जास्तच. तपासून पाहिलं की बहुतेक वेळा पासवर्ड बरोबरच निघतो, फक्त मोबाइलच्या कीबोर्डने त्यात ढवळाढवळ केलेली असते.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, ते आधी सांगतो. गिऱ्हाइकाची तक्रार आली की तुमचा माणूस ॲडमिनमधून नवा पासवर्ड करतो आणि तो व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवतो. पाठवताना त्याचाच कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतो. गिऱ्हाईक तो मेसेज कॉपी करतं, त्यात कधी शेवटची स्पेस किंवा पूर्णविरामही येतो. लॉगिन पुन्हा नाकारलं जातं, मग आणखी एक नवा पासवर्ड, आणखी एक फोन. कृपया पासवर्ड मेसेजने पाठवू नका. 'पासवर्ड विसरलात?' या दुव्यावरून गिऱ्हाइकाला स्वतःच तो ठरवू द्या.

बाकीचं काम फॉर्मनेच करायला हवं. ईमेलचा रकाना साधा मजकुराचा ठेवला तर फोन पहिलं अक्षर मोठं करतो. तोच ईमेल प्रकारचा केला की ते थांबतं आणि कीबोर्डवर ॲटचं चिन्हही समोर येतं. पुढे-मागे राहिलेली स्पेस आम्ही सर्व्हरवर काढून टाकतो.

मोबाइल नंबरचं दुखणं आपल्याकडे वेगळंच आहे. मराठी किंवा कोंकणी कीबोर्ड चालू असला की आकडे देवनागरीत उमटतात आणि बऱ्याच वेबसाइट त्यांना 'चुकीचा नंबर' म्हणतात. माणसाने आपला नंबर अचूक लिहिलेला असताना त्याला चूक म्हणणं आम्हाला पटत नाही. आमचा फॉर्म ते आकडे स्वतः बदलून घेतो. रकान्याला दहाच आकड्यांची मर्यादाही आम्ही घालत नाही. कॉन्टॅक्टमधून नंबर पेस्ट केला की पुढे +९१ येतो, मर्यादेमुळे शेवटचे आकडे कापले जातात आणि ओटीपी कुणाकडेच येत नाही किंवा भलत्याकडे जातो.

"पासवर्डमधल्या कीबोर्डच्या अशा चुकाही चालवून घेतल्या तर सुरक्षितता कमी होणार नाही का?" हा प्रश्न रास्त आहे. पासवर्ड आम्ही मूळ रूपात साठवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलणारं सांकेतिक रूप, साठवतो. त्यामुळे 'जवळपास बरोबर' असं काही चालत नाही. लिहिलेला पासवर्ड आधी जसाच्या तसा तपासतो. जुळला नाही तर पुढची-मागची स्पेस काढून, आणि शेवटी पहिल्या अक्षराचं लहान-मोठं बदलून. बस्स, एवढंच. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही याच दोन सवलतींना मुभा आहे. फेसबुकही पहिल्या अक्षराची चूक वर्षानुवर्षं चालवून घेत आलं आहे.

तीन चुकांनंतर खातं बंद करा, असं काही ग्राहक आग्रहाने सांगतात. कदंबाच्या बसमध्ये उभ्याने एका अंगठ्याने टाइप करणाऱ्याच्या तीन चुका सहज होतात. आम्ही प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेतो. त्याने भराभर पासवर्ड लावून पाहणारा अडतो, तुमचं गिऱ्हाईक अडत नाही.

वार्षिक देखभालीत असलेल्या जुन्या साइटवर हे बदल आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो. साइट दुसऱ्याने केलेली असेल तर तिचा लॉगिन फॉर्म मोबाइलवर तपासून काय अडतं ते सांगू. त्याचेही पैसे नाहीत, काम द्यायचं की नाही ते नंतर ठरवा.

तक्रार कळवताना फोनचं मॉडेल, कीबोर्डची भाषा आणि लॉगिन नाकारल्याचा स्क्रीनशॉट पाठवा. स्क्रीनशॉट घेताना डोळ्याचं चिन्ह दाबलेलं नसावं, पासवर्ड आम्हालाही दिसता कामा नये.