जागतिक युवा दिन (कॅथलिक)

कॅथलिक चर्चचा तरुणांसाठीचा आंतरराष्ट्रीय मेळावा. नावात ‘दिन’ असला तरी तो सुमारे आठवडाभर चालतो आणि साधारण दोन ते चार वर्षांनी वेगळ्या देशात भरतो. आपल्याकडचा १२ जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिन किंवा संयुक्त राष्ट्रांचा १२ ऑगस्टचा युवा दिन यांच्याशी त्याची गल्लत करू नये.

सुरुवात रोममध्ये झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी एप्रिल १९८४ मध्ये झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जगभरच्या तरुणांना बोलावले, आणि पुढच्याच आठवड्यात, ईस्टरला, ३.८ मीटर उंचीचा एक साधा लाकडी क्रूस त्यांच्या हाती देऊन तो जगभर फिरवायला सांगितले. १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होते. त्या वर्षीही तरुण रोममध्ये जमले आणि डिसेंबरात पोपमहोदयांनी हा उपक्रम कायमचा केला. परदेशातला पहिला मेळावा १९८७ साली ब्वेनोस आयरेसला झाला. तो क्रूस अजूनही फिरतो आहे. मेळाव्याआधी यजमान देशाच्या धर्मप्रांतांतून (एकेका बिशपच्या, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूच्या, अखत्यारीतल्या भागांतून) तो खांद्यावरून नेला जातो. २००२ मध्ये टोरंटोला जाताना तो न्यूयॉर्कमध्ये, कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या जागीही नेण्यात आला होता. २००३ पासून पवित्र मरियेची एक प्रतिमा त्याच्या सोबतीला असते.

मेळाव्याचे मोजमाप गर्दीवरून करण्याची बातमीदारांना सवय आहे. मनिलाला १९९५ साली समारोपाच्या मिस्साला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीला) ४० ते ५० लाख लोक आल्याचे सांगतात. रस्ते असे तुंबले की पोपना हेलिकॉप्टरने आणावे लागले. पण श्रद्धेची मशागत होते ती बहुधा व्यासपीठापासून दूर. शहरातल्या कार्यक्रमाआधीचे काही दिवस तरुण यजमान देशाच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या स्थानिक समुदायांत), अनेकदा अनोळखी कुटुंबांच्या घरी राहतात. १९९७ च्या पॅरिस मेळाव्यापासूनचा हा रिवाज. मग भाषावार गटांत बिशपांसोबत धर्मशिक्षण, शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या मरणयात्रेचे टप्प्याटप्प्याने स्मरण), शनिवारी पाठीवर पिशवी आणि पथारी घेऊन मैदानापर्यंत पायपीट, रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात साक्रामेंताची (ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीची) आराधना, तिथेच उघड्यावर झोप, आणि रविवारी मिस्सा. मिस्साच्या शेवटी पुढचा यजमान देश जाहीर होतो. एरवी गावच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसणारा मुलगाही इथे अर्धी रात्र गुडघ्यांवर असतो, कारण आजूबाजूचे सगळेच तसे असतात.

पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याची, सोय हा वेगळाच विषय. २०२३ मध्ये लिस्बनला त्यासाठी १५० लाकडी कक्ष उभारले होते, आणि ते पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवले होते. पोप फ्रान्सिस स्वतः त्यांतल्या एकात बसून तीन तरुणांचे पापनिवेदन ऐकून गेले. ज्या बागेत हे कक्ष होते तिचे नाव वास्को द गामाचे; भारतीय वाचकाला यातली गंमत वेगळी सांगायला नको. त्या मेळाव्याच्या आश्रयदात्या संतांमध्ये, म्हणजे ज्यांच्या कृपाछत्राखाली तो भरला त्या संतांमध्ये, तमिळ भूमीत १६९३ साली मारले गेलेले पोर्तुगीज मिशनरी जॉन डी ब्रिटो होते. २०११ च्या माद्रिद मेळाव्याच्या आश्रयदात्यांत तर फ्रान्सिस झेवियर होते, ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत.

मिशनकार्याचा धागा सर्वांत उघड दिसला तो २०१३ मध्ये रिओ दी जानेरोला. जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा, ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली आज्ञा तिथे बोधवाक्य होती. पावसाने ग्वारातिबाचे मैदान चिखलमय झाले आणि सांगतेचे कार्यक्रम कोपाकबानाच्या किनाऱ्यावर हलवावे लागले. अर्जेंटिनाच्या तरुणांना पोप फ्रान्सिस यांनी सांगितले की आपापल्या धर्मप्रांतात जाऊन गडबड उडवा. काही बिशपांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील.

टीकाही होते. लिस्बनच्या मुख्य वेदीचा खर्च करांसह पन्नास लाख युरोंच्या वर गेल्यावर इतका गदारोळ झाला की तो कमी करावा लागला. घरी परतल्यावर हा उत्साह किती टिकतो, हा प्रश्न धर्मगुरूही विचारतात. शिवाय विमानभाडे परवडणारे थोडेच. म्हणून बिनपरदेशवारीचा पर्याय महत्त्वाचा ठरतो: प्रत्येक धर्मप्रांत दरवर्षी हा दिवस साजरा करतो, पूर्वी झावळ्यांच्या रविवारी आणि २०२१ पासून नोव्हेंबरातल्या ख्रिस्तराजाच्या सणाला. वसईसारख्या धर्मप्रांतातल्या बहुतेक तरुणांच्या वाट्याला हाच येतो. आशियाई युवा दिनही असतो. २००३ मध्ये तो बेंगळुरूला भरला होता.

पुढचा मेळावा ऑगस्ट २०२७ मध्ये सोलला आहे. दक्षिण कोरियात ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत, त्यामुळे यजमानपदाची ही निवड आजवरच्यांहून वेगळी. शिवाय तिथले चर्च परदेशी मिशनरींनी सुरू केलेले नाही. चीनमधून आलेली पुस्तके वाचून काही कोरियन विद्वान स्वतःच या धर्माकडे वळले, त्यांच्यातल्या एकाने १७८४ साली बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन इतरांना दिला.