गुडघा बदलल्यानंतर पाण्यातला व्यायाम

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पायाला चालायचं तर असतं, पण पूर्ण भार पेलवत नाही. 70 किलोचा माणूस छातीचं हाड संपतं तिथपर्यंत पाण्यात उभा राहिला, की पायांवर जेमतेम 20 ते 25 किलो भार येतो. कमरेएवढ्या पाण्यात साधारण निम्मा. उरलेलं वजन पाण्याचं प्लावक बल उचलून धरतं. म्हणून सुरुवात छातीएवढ्या पाण्यात करायची आणि पाय भार घेऊ लागला की हळूहळू उथळाकडे यायचं. हे आकडे स्थिर उभं राहण्याचे आहेत. भरभर चाललं तर भार बराच वाढतो.

सुजेवरही पाणी काम करतं. एक मीटर खोलीवर त्याचा दाब सुमारे 74 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. घोटा गुडघ्यापेक्षा खोल, त्यामुळे खाली दाब जास्त, वर कमी, आणि साचलेला द्रव वर सरकतो. रक्तही छातीकडे ढकललं जातं. हृदय कमजोर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायलाच हवं.

टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नाही. खपली नको, ओल नको, आणि सर्जनचा स्पष्ट होकार हवा. पाणी 33 ते 35 अंश सेल्सिअस असावं. नेहमीचा तरणतलाव याहून बराच गार असतो, त्यात स्नायू आखडतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांचा मोह नव्या जखमेला अजिबात नको.

आधी चालणं. वर्षानुवर्षं दुखऱ्या गुडघ्याने लंगडलेला माणूस पाण्यातही कंबर उचलून ताठ पाय पुढे फेकतो. ते तिथेच मोडायचं: गुडघा वाकवून पाऊल उचला, टाच आधी टेकवा, मग चवडा. नंतर उलटं चाला. त्यात गुडघा पूर्ण सरळ व्हायला मदत होते.

मग कठडा धरून टाच मागे, कुल्ल्याकडे न्या. जमिनीवर हे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावं लागतं, पाण्यात पाय जवळजवळ आपोआप तरंगत वर येतो. खरी मेहनत तो खाली दाबून सरळ करताना होते, कारण आता पाणी विरोधात असतं. दहा-दहाचे दोन संच पुरेत. घोट्याखाली फोमचा नूडल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांब नळी, घेतला तर दोन्ही परिणाम वाढतात, पण पहिल्याच दिवशी नको. गुडघा झटक्यात जास्त वाकतो आणि नव्या व्रणावर ताण येतो. वजनं बांधायची गरज नाही. पाय दुप्पट वेगाने हलवला की पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. दुखलं तर थांबा, विरोधही त्याच क्षणी संपतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेची. पाण्यात दुखणं जाणवत नाही, म्हणून लोक तासभर राहतात आणि संध्याकाळी गुडघा टम्म फुगतो. पहिल्यांदा 15 मिनिटंच. सकाळीही सूज किंवा ठणका वाढलेला असेल तर पुढचा व्यायाम निम्मा करा. पोटरी दुखून सुजली किंवा लाल झाली तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. रक्ताची गुठळी असू शकते. बेडकासारखी लाथ मारत पोहणं सध्या बंद, त्यात गुडघा पिळला जातो.

बाहेर येताना पायऱ्याच वापरा, उभी शिडी नको. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबा, कारण पाणी खाली राहतं तसतसं वजन परत पायावर येतं आणि लाद्या ओल्या असतात.