मलेशियन सालच्या खोट्या रेषा

लातूर, बीड, धाराशिवकडे घर बांधणारा माणूस चौकटी घ्यायला वखारीत गेला की आधी सागवानाचा भाव विचारतो आणि हिशोब करून बहुधा 'मलेशियन साल'वर येतो. हे एका झाडाचं नाव नाही. शोरिया प्रजातीतल्या अनेक झाडांचं जड लाकूड या एकाच नावानं विकलं जातं. मलेशियात त्याला बलाऊ म्हणतात, हलक्या जातींना मरांटी. आपला मध्य भारतातला साल याच प्रजातीतला.

बलाऊ, मरांटी वाढतात त्या बोर्निओ बेटाच्या आणि मलाया द्वीपकल्पाच्या वर्षावनात. बोर्निओवरच्या सबाह या मलेशियन राज्यातल्या दानुम खोऱ्यातली एक पिवळी मरांटी १००.८ मीटर उंच भरली, हे २०१९ मध्ये जाहीर झालं.

वखारीत सागवानाचा आणि मलेशियन सालचा ओंडका शेजारी असेल तर दोन्हींचे कापलेले तोंड बघा. किनवटच्या जंगलातला साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पाऊस पडला की मोठ्या छिद्रांचं नवं लाकूड धरतो. म्हणून दर वर्षाला एक वलय उमटतं आणि फळीवर ती सुंदर नक्षी दिसते. बोर्निओत जवळपास बारमाही पाऊस. झाडाला थांबायचं कारणच नाही, त्यामुळे वर्षाचं वलयही नाही. तरी मलेशियन सालच्या तोंडावर बारीक पांढऱ्या कमानी दिसतात. त्या मोजून कुणी झाडाचं वय सांगितलं तर मानू नका! त्या राळेच्या नळ्यांच्या रांगा आहेत आणि त्यांचा वर्षाशी संबंध नाही. खरं वय काढायला खोडाचा घेर वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं किंवा किरणोत्सारी कार्बनची तपासणी करावी लागते.

ती राळही कामाची. तिकडच्या अशा झाडांची राळ होड्यांच्या फटी बुजवायला आणि वॉर्निशमध्ये वापरत आले आहेत. काही जातींच्या बियांतली चरबी चॉकलेटमध्ये जाते. पण बी दरवर्षी मिळत नाही. काही वर्षांच्या अंतरानं शेकडो जाती एकदमच फुलतात आणि इतकं बी गळतं की खाणारे प्राणी खाऊन थकतात. उरलेलं बी लगेच रुजतं, साठवून ठेवता येत नाही. तोडलेलं जंगल पुन्हा उभं करणं अवघड जातं, त्याचं हे एक मोठं कारण.

मराठवाड्यातला खरा प्रश्न मात्र हवेचा आहे. वर्षावनाच्या दमट हवेत लाकूड कितीही वाळवलं तरी कोरड्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या वर पाणी धरून राहतं. आपल्या मे महिन्यात तेच लाकूड ६-७ टक्क्यांकडे उतरू लागतं. लांबीत फरक जवळपास शून्य, पण रुंदीत ते आकसतं. वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड उलतं. पावसाळ्यात तेच फुगून दार अडकतं. साग कमी आकसतो, शिवाय त्यातली टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीला दूर ठेवतात. बलाऊचा गाभाही चिवट आहे, पण बाजूचा पांढुरका भाग वाळवी सोडत नाही. म्हणून चौकट घेताना तो भाग किती आहे ते बघावं आणि माल भट्टीत वाळवलेला आहे का, हे विचारावं. खिळा मारण्याआधी ड्रिलनं भोक पाडायला सुताराला सांगावं, कारण या लाकडाचे काही तुकडे पाण्यात बुडतात इतके घट्ट असतात.