पंचवीस मिनिटं एकही नाही, मग दोन एकदम

परवा इंदूरमध्ये पलासियाच्या स्टॉपवर एक मावशी भेटल्या, हातात भाजीची पिशवी, जायचं होतं नवलख्याला. पंचवीस मिनिटं बसचा पत्ता नाही आणि मग आल्या त्या एकदम दोन, एकीला चिकटून दुसरी, पहिलीत लोक दारात लटकलेले आणि दुसरीत निम्म्या सीट रिकाम्या. बाजूचा पोरगा म्हणाला, "लो भिया, दोनों साथ में आ गई." मावशी म्हणाल्या, "शनिवार आहे ना आज, घरून निघतानाच वाटलं होतं मला."

मावशींचा मान राखून सांगतो, शनीला सिटी बसमध्ये काडीचा रस नाही. हे मंगळवारीही होतं, लंडनमध्येही होतं, आणि त्याचं गणित न्यूवेल आणि पॉट्स या दोघा संशोधकांनी १९६४ मध्येच मांडून ठेवलंय. शाळेतलं चक्रवाढ व्याज आठवत असेल तर तुम्हालाही पाच मिनिटांत समजेल, कागद घ्या हवं तर.

समजा एका रूटवर दर १० मिनिटांनी बस आहे. प्रत्येक स्टॉपवर मिनिटाला २ माणसं येतात आणि एका माणसाला चढायला ३ सेकंद लागतात. म्हणजे बस येईपर्यंत २० माणसं जमली, चढायला ६० सेकंद, सगळं वेळापत्रकात धरलेलं. आता एका बससमोर सिग्नलला गाय बसली, नाहीतर वरात आडवी आली, २ मिनिटं गेली. पुढच्या स्टॉपवर २० ऐवजी २४ माणसं, म्हणजे ७२ सेकंद. उशीर होता १२० सेकंद, झाला १३२. त्याच्या पुढच्या स्टॉपवर अजून थोडी जास्त माणसं, १४५ सेकंद. दर स्टॉपला १० टक्के व्याज, आणि तेही चक्रवाढ! दहा स्टॉपनंतर २ मिनिटांचा उशीर ५ मिनिटांच्या वर गेलेला असतो, आणि ड्रायव्हरने वाटेत कुठेही चहा प्यायलेला नसतो.

पण खरी गंमत मागच्या बसची आहे. तिचा आणि पुढचीचा फरक आता १० नाही, ८ मिनिटांचा, म्हणून तिला स्टॉपवर १६च माणसं मिळतात, ती ४८ सेकंदांत मोकळी होते आणि वेळेच्या १२ सेकंद आधी निघते. म्हणजे पुढची १२ सेकंद मागे पडली, मागची १२ सेकंद पुढे सरकली, एका स्टॉपमध्ये अंतर २४ सेकंदांनी घटलं, आणि हेही व्याजासकट वाढत जातं. मी वहीत आकडेमोड केली तर दहाव्या स्टॉपला दोघींमध्ये जेमतेम ६ सेकंद उरले. वेळापत्रक कितीही काटेकोर बनवा, बस मोकळ्या सोडल्या की जोडी जमणारच. टेबलावर पेन्सिल टोकावर उभी करावी तसं आहे हे, ती पडणार हे नक्की, कुठल्या धक्क्याने पडणार एवढंच नशिबावर.

आता कोणी म्हणेल, दोन एकदम आल्या तर बिघडलं काय, तासाला बस तर सहाच आहेत. बिघडतं. बस बरोबर १० मिनिटांनी येत असतील तर घड्याळ न बघता स्टॉपवर पोचलेल्या माणसाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. जोड्या जमल्या, म्हणजे एक फट १ मिनिटाची आणि दुसरी १९ ची, तर तुम्ही कुठल्या फटीत सापडणार? वीसपैकी एकोणीस वेळा मोठ्या फटीत, कारण ती मोठीच आहे ना. सरासरी थांबणं होतं ९ मिनिटं. सूत्र असं की सरासरी फटीचं अर्ध गुणिले १ अधिक चलन गुणांकाचा (फटी किती कमीजास्त आहेत त्याच्या मापाचा) वर्ग, इथे ५ गुणिले १.८१ (हे वाक्य सोडून दिलंत तरी चालेल, मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही). तिघी एकत्र आल्या तर १३ मिनिटं. डिझेल सहा बसचं, ड्रायव्हरांचा पगार सहा बसचा आणि प्रवाशाला सेवा मिळते जेमतेम तीन बसची. आणि "माझ्याच वाट्याला नेहमी उशीर येतो" असं सगळ्यांनाच वाटतं यात पनौती वगैरे काही नाही, उशिराच्या फटीत माणसंच जास्त असतात.

आता आपल्या एबी रोडकडे येऊ. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा साधारण साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली लेन आणि तिची स्टेशनं, २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने परवानगी दिल्यावर तो काढायला घेतला. वाद सगळा लेनवर झाला, की मधली लेन रिकामी आणि बाजूला गाड्या अडकलेल्या. मी काही बीआरटीएसचा भक्त नाही, चौकांवर गोंधळ होताच. पण लेनपेक्षाही मला त्या स्टेशनांचं जास्त वाटतं, तिकीट आधीच काढलेलं, प्लॅटफॉर्म बसच्या उंचीचा, पायऱ्या नाहीत. आपल्या उदाहरणातले ३ सेकंद तिथे समजा १ सेकंदावर आले, तर दर स्टॉपचं व्याज १० टक्क्यांवरून साडेतीनच्या खाली येतं आणि दहा स्टॉपनंतर २ मिनिटांचे ५ नाही, पावणेतीनच होतात. याचा हिशोब त्या भांडणात कोणी मांडलेला मी तरी ऐकला नाही.

लेनचा हिशोब वेगळा, आणि तो सरळ पैशांचा आहे. १५ किलोमीटरचा रूट, ताशी १५ चा वेग, जाऊन येऊन १२० मिनिटं, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं विसावा, एकूण १४० मिनिटं, म्हणून दर १० मिनिटांनी बस हवी तर १४ बस लागतात. ट्रॅफिकने वेग १२ वर आला की फेरी १७० मिनिटांची आणि बस लागणार १७. जास्तीच्या तीन बस, त्यांचे ड्रायव्हर, कंडक्टर, टायर, सगळं घेतलं आणि प्रवाशाला मिळालं काय तर तीच दर दहा मिनिटांची बस, वर आणखी हळू. शहर सुपर कॉरिडॉर, राऊ, बायपास असं चहूकडे पसरतंय, प्रत्येक नव्या कॉलनीला दारात बस हवी, आणि त्याच बस तीन रूटवर वाटल्या की दहा मिनिटांच्या अंतराचे होतात तीस. नकाशावर मात्र रेघा छान दिसतात.

बरं, जोडी मोडायचा उपाय काय? सोपा आहे, मागच्या बसला मधल्या एखाद्या स्टॉपवर दोन-तीन मिनिटं थांबवून ठेवायचं. जीपीएसवर अंतर दिसतंच, यासाठी "एआय वाली स्मार्ट बस" असले फलक लावायची गरज नाही, कंट्रोल रूममध्ये एक शहाणा माणूस आणि फोन पुरतो. पण ड्रायव्हर थांबेल का? हे त्याला पैसे कशाचे मिळतात त्यावर आहे. कमाई तिकिटांवर असेल तर तो मुद्दाम उलटं करणार, भरल्याशिवाय हलणार नाही नाहीतर पुढच्याची सवारी पळवायला रेस लावणार. आपल्या मॅजिकवाल्यांना, म्हणजे त्या छोट्या शेअर गाड्या चालवणाऱ्यांना बघा, त्यांची काही चूक नाही, पोट त्यावर आहे. कोलंबियात बोगोटा शहरात या प्रकाराला 'पैशापैशाची लढाई' म्हणायचे, आणि २००० साली ट्रान्समिलेनिओ सुरू करताना ऑपरेटरचे पैसे मुख्यतः बस किती किलोमीटर धावली त्यावर बांधले.

इंदूरने २००५ मध्ये एआयसीटीएसएल ही सिटी बसची कंपनी काढली ती वेगळ्या वाटेने, बस खाजगी ऑपरेटरांच्या आणि रूट कंपनी ठरवणार. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने रोडवेज बंद करायचं ठरवलं होतं, त्या मानाने हे धाडसच होतं. केंद्राची २०२३ ची पीएम ई-बस सेवा मात्र १०,००० बससाठी किलोमीटरमागे पैसे देते, तिकिटाची जोखीम शहराच्या गळ्यात. इथे लोक लगेच म्हणतात, म्हणजे तोटा आमच्या टॅक्समधून. हो. हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावरच लिहिलं की प्रवासी वाढले की बस वाढतात, बस वाढल्या की आधीच्या प्रवाशांचंही थांबणं कमी होतं, आणि या फायद्याचं तिकीट कोणी फाडत नाही. उलटंही तितकंच खरं, बस कमी केल्या की प्रवासी स्कूटर घेतो आणि मग "प्रवासीच नाहीत" म्हणून अजून कमी करतात.

त्या दिवशी मावशींना मी एवढंच म्हटलं की नेहमी मागच्या बसमध्ये चढा, बसायला जागा मिळते आणि पुढच्या बसचे तीन सेकंद वाचतात.

"आणि मागची न थांबता पुढे निघून गेली तर?" असं म्हणून त्या पहिलीच्या दारात घुसल्याही.